साडेनऊ महिन्यांची पोरगी मागे मागे सरकते, पुढे रांगत नाही

मनीषनगरची आई

नमस्कार मंडळी. मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, वजन ८ किलो १०० ग्रॅम. साडेपाचव्या महिन्यात पालथी पडली, आठव्या महिन्यापासून आधाराशिवाय नीट बसते. पोटावर ठेवलं की कोपरं ताठ करून छाती उचलते, बेंबीवर भोवऱ्यासारखी चारी बाजूंनी फिरते. खुळखुळा समोर ठेवला की भलता जोर लावते, पण सरकते मागे. खुळखुळा तिथंच राहतो, ही सोफ्याखाली जाऊन अडकते आणि मग रडारड. गुडघे पोटाखाली ओढून घेतच नाही, बेडकासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले असतात.

घरात चकचकीत टाइल्स आहेत. थंडी असल्यामुळे अंगात स्वेटर, त्याखाली लांब फ्रॉक, पायात लेगिंग आणि लोकरीचे मोजे. दिवसभरात खाली तास-दीड तास असते, तेही गादीवर. बाकी वेळ कडेवर, पाळण्यात नाहीतर बाउन्सरमध्ये.

सासूबाई म्हणून राहिल्या की वॉकर आणा, आठ दिवसांत पाय टाकेल. मालिशवाल्या मावशी म्हणतात पायात जोर नाही, तेल वाढवा. मला हेच कळून नाही राहिलं की हा उशीर म्हणायचा का, ती मागेच का जाते आणि घरी नेमकं काय करून घ्यायचं. संक्रांतीला बोरन्हाण आहे, त्यात काही जपायचं असेल तर तेही सांगा.


बालफिजिओ, धरमपेठ

ताई, मागे सरकणं ही रांगण्याआधीची पायरी आहे. त्यात बिघाड काही नाही.

पालथ्या बाळाचे हात चौथ्या महिन्यापासून कामाला लागलेले असतात, पाय त्यामानाने उशिरा शिकतात. खेळणं दिसलं की बाळ ज्याचा सराव आहे तेच करतं, म्हणजे कोपरं ताठ करतं. टेबलाला हात टेकून आपण खुर्ची मागे सारतो ना, अगदी तसं अंग मागे ढकललं जातं. पुढे जायला याच्या उलट दोन कामं एका वेळी जमावी लागतात. एक हात उचलायचा म्हणून सगळा भार दुसऱ्या हातावर घ्यायचा, आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूचा गुडघा पोटाखाली ओढायचा. उजवा हात, डावा गुडघा. मग डावा हात, उजवा गुडघा. हे पोट आणि कंबर उचलल्याशिवाय होत नाही. तुम्ही लिहिलेलं "बेडकासारखे पसरलेले गुडघे" म्हणजे कंबर अजून जमिनीवरून सुटलेली नाही. पायात जोर नसण्याशी याचा संबंध नाही, आणि तेल वाढवून तर यात काहीच बदलणार नाही.

आधी जागा बदला. गादी काढा. गादीत गुडघा आणि तळहात रुततात, ढकलायला टणक काही मिळत नाही, म्हणून बाळ थकतं आणि आडवं होतं. नुसती टाइलही नको, कारण तिच्यावर मोज्यातला पाय निसटतो. टाइलवर सतरंजी घाला, कडा सोफ्याच्या पायाखाली दाबा किंवा चिकटपट्टीने पक्क्या करा, नाहीतर सतरंजी गोळा होऊन बाळाच्या पोटाखाली येते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागा पुरते. फोमच्या जोडायच्या चटया चालतात, फक्त त्यांच्या कडेचे सुटे दात आणि मधली अक्षरं-आकडे आधी काढून टाका. मुलं ते उचकटून चावतात.

मग कपडे. मोजे काढा, लेगिंग गुडघ्यावर घ्या. उघडा गुडघा आणि उघडा अंगठा जमिनीला धरतो, लोकर आणि नायलॉन घसरतात. फ्रॉक तर नकोच. फ्रॉकची पुढची कड गुडघ्याखाली येते, बाळ पुढे जायला लागलं की कापड गळ्याशी ताणलं जातं आणि कपाळ जमिनीवर आपटतं. दोनतीनदा असं झालं की बाळ गुडघे पोटाखाली घ्यायचंच टाळतं. आखूड झबलं आणि चड्डी पुरे. नागपूरच्या थंडीत सकाळी हे जमत नसेल तर ११ ते ३ च्या दरम्यान, खोलीत ऊन येतं तेव्हा करा. वर स्वेटर ठेवायला हरकत नाही, फक्त तो कमरेपर्यंतच हवा आणि बाह्या मनगटाच्या वर दुमडलेल्या हव्यात. तळहात झाकला गेला की पकड गेली.

मालिश झाल्या झाल्या खाली सोडू नका. तळहात, तळपाय आणि गुडघे तेलकट असले की चारी पाय चार दिशांना जातात. कोमट पाण्याच्या फडक्याने ते तेवढे पुसून घ्या, किंवा खालचा खेळ मालिशीच्या आधीच उरका.

आता करून काय घ्यायचं ते.

पहिलं मांडीवरचं. तुम्ही जमिनीवर पाय लांब करून बसा. तिला एका मांडीवर आडवी, पालथी ठेवा. तळहात एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला, मांडी तिच्या पोटाखाली. तुमची मांडी तिच्या हातांच्या उंचीपेक्षा जाड पडत असेल तर मांडीऐवजी नडगीवर घ्या, तळहात पूर्ण टेकलेच पाहिजेत. एक हात तिच्या कुल्ल्यांवर ठेवून गुडघे आत, म्हणजे बरोबर कुल्ल्याखाली आणा. पसरू देऊ नका. मग १०-१५ सेकंद हळूहळू पुढे-मागे डोलवा. या डोलण्यातूनच तिला कळतं की भार हातावरून गुडघ्यावर नेता येतो. थांबा, पुन्हा करा. पाचसहा वेळा.

दुसरं ओढणीचं. सुती ओढणीची घडी घालून वीतभर रुंद पट्टा करा, तो छातीपासून बेंबीपर्यंत येईल असा पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर एका हातात धरा. पोट जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढंच उचला. इथंच बहुतेकांची चूक होते. बाळ झोळीत लटकलं तर हातापायांवर भार येतच नाही आणि ते नुसते हवेत हलतात. तळहात पांढुरके पडेपर्यंत जमिनीला टेकलेले दिसले म्हणजे भार बरोबर आहे. एका वेळी मिनिटभर, दिवसातून तीनदा.

तिसरं मला सगळ्यांत कामाचं वाटतं, आणि तेच लोक करत नाहीत. ती बसलेली असताना खेळणं समोर ठेवू नका. उजव्या कुल्ल्याच्या बाजूला, थोडं मागे, तिचा हात पुरतो त्याच्या पलीकडे चार बोटं ठेवा. ते घ्यायला तिला वळून दोन्ही हात उजवीकडे टेकावे लागतात, डावा गुडघा आपोआप आत येतो आणि एका क्षणी ती हातागुडघ्यांवर उभी असते. बसण्यातून चौपायी होणं हा रांगण्याचा खरा दरवाजा आहे. पालथं पडूनच रांगायला लागेल असं नाही, कितीतरी मुलं बसल्या जागेवरून रांगायला सुटतात. दोन्ही बाजूंनी सारखंच करा.

पालथी असताना तिच्या तळपायांमागे तुमचे तळहात भिंतीसारखे धरा. ढकलू नका. तिच्या पायाला टेकायला काहीतरी मिळालं की ती स्वतः जोर लावते आणि पहिल्यांदा पुढे सरकते. मागे सरकणाऱ्या मुलांना याने पुढची दिशा लवकर कळते.

दिवसातून ४-५ वेळा, प्रत्येक वेळी ५ ते १० मिनिटं. झोपून उठल्यावर करा, पाजल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्या. खेळणं एका हाताच्या अंतरावरच ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं तर मूल प्रयत्न सोडून देतं. आणि प्रत्येक वेळी जवळ गेली की खेळणं पुढे सरकवत नेऊ नका, हातात पडू द्या. हात धरून पुढे ओढू नका, कोपराचा सांधा या वयात ओढल्याने सहज निखळतो.

दोन गोष्टी सांगा. जन्म किती आठवड्यांनी झाला? आणि दोन्ही हात, दोन्ही बाजू सारख्याच वापरते का?


मनीषनगरची आई

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. ३६ आठवडे पूर्ण झाले होते. मुठी उघड्या असतात, दोन्ही हातांनी वस्तू घेते. पण गोल फिरते तेव्हा डावीकडे जास्त फिरते असं वाटतं. गादी आणि मोजे आजच काढते.


बालरोग, मेडिकल चौक

३६ आठवडे हे महत्त्वाचं आहे. ३७ च्या आधी जन्मलेल्या बाळाची वाढ मोजताना ४० आठवड्यांचा हिशेब धरतात आणि जेवढे आठवडे कमी पडले तेवढे वयातून वजा करतात. तुमच्या मुलीचे ४ आठवडे वजा केले की ती साधारण साडेआठ महिन्यांची. दोन वर्षांची होईपर्यंत उठणं, बसणं, रांगणं, बोलणं याच वयाने बघा. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही. हे दोन्ही हिशेब लोक उलटसुलट करतात.

आता साडेआठ महिने म्हणजे कुठे? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली निरोगी मुलं होती. भारतातली मुलं दिल्लीची. हातागुडघ्यांवर रांगणं सुरू होण्याचं वय त्यात ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे, सरासरी साडेआठच्या आसपास. म्हणजे तुमची मुलगी आत्ता ऐन मध्यावर उभी आहे. त्याच अभ्यासात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने आणि स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिने असं आलं. शंभरात सुमारे ४ मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी ठीक चालली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढून टाकलं, त्याचं एक कारण हेच की ते सगळी मुलं करत नाहीत. "रांगलं नाही तर पुढे अभ्यासात मागे पडतं" असं मोबाईलवर फिरतं, त्याला आधार नाही.

म्हणून मी रांगण्याच्या तारखेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींकडे बघतो. बसणं अधिक ठाम आहे. वजा केलेल्या वयाने ९ महिने झाले आणि आधाराशिवाय बसत नाही, तर दाखवाच. काखेत धरून उभं केलं तर पाय रोवते की पाय वर ओढून घेते? पाय कडक होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जातात का? उचलताना काखेतून निसटते एवढी सैल वाटते का? एक मूठ सतत मिटलेली, अंगठा आत, असं आहे का? वर्षाच्या आत एकाच हाताचा आग्रह दिसला तर त्याला "डावखुरी होणार" म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या बाजूची तपासणी लागते. सरकताना एक बाजू फरफटत येणं हेही त्यातलंच. आणि येत असलेली गोष्ट जाणं, म्हणजे बसत होती ती आता बसत नाही, हे कुठल्याही वयात त्याच आठवड्यात दाखवायचं. थांबायचं नाही.

डावीकडे जास्त फिरण्याबद्दल. बहुतेक वेळा कारण खोलीत असतं. दार, टीव्ही, आईची बसायची जागा एकाच बाजूला असेल तर बाळ तिकडेच वळतं. सतरंजीवर तिचं तोंड उलट दिशेला करा आणि आठवडाभर बघा. बाजू बदलली तर प्रश्न मिटला. तशीच डावीकडे राहिली तर तपासून घ्या. तपासताना खुबेही बघायला सांगा. उताणी ठेवून दोन्ही गुडघे मुडपले तर ते एका उंचीवर हवेत, आणि मांड्या बाहेर सारख्या उघडायला हव्यात. लहानपणी पाय सरळ करून दुपट्यात आवळून बांधलेल्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा धोका वाढतो, म्हणून हे सांगितलं.

रक्ताच्या तपासण्या मनाने करू नका. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, वर्षापर्यंत द्यायचे असतात, ते चालू आहेत का? कमी दिवसांच्या बाळात लोहाचा साठा आधीच कमी असतो, पांढुरकी दिसत असेल तर हिमोग्लोबिन बघतात. तिसरी बी-१२. आई पूर्ण शाकाहारी आणि बाळ जवळपास आईच्या दुधावरच, वरचं खाणं नावाला, अशा घरात बाळ सुस्त होतं, बोटांच्या पेरांवर काळपट रंग चढतो आणि शिकलेलं विसरायला लागतं. हे वेळेत कळलं तर औषधाने भरून येतं. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, पण हा धागा दुसरेही वाचतील म्हणून लिहिलं.


अंगणवाडीताई, कामठी रोड

वरचं सगळं बरोबर. सरकारी बाजूने काय मिळतं ते मी सांगते, कारण शहरातल्या आयांना ते माहीत नसतं.

तुमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल. लसीचं पान सगळे बघतात, पण त्यातच वयाप्रमाणे बाळाने काय करायला हवं याची चित्रं आहेत. ती पानं पेनाने भरा, तारखेसकट. डॉक्टरांकडे गेल्यावर "आठव्यात की नवव्यात बसली" हे आठवत बसावं लागत नाही. आशाताईंची घरभेट ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात असते, म्हणजे तुमच्याकडची नवव्या महिन्याची झाली असायला हवी. झाली नसेल तर तुमच्या भागातल्या अंगणवाडीत नाव सांगा. गोवर-रुबेलाची पहिली लस आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्वाचा १ मिलीचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. तिथंच "रांगण्याचं बघा" म्हणून विचारता येतं.

लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली मिळतं. बाटलीला १ मिली मोजून देणारं झाकण असतं, चमच्याने अंदाजे देऊ नका. शी काळसर होते, त्याने घाबरू नका. ताप किंवा जुलाब असेल तेव्हा थांबवायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना काही वेगळं वाटलं तर ते मोफत पुढे पाठवतात. फिजिओचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग आहे, तिथं केस पेपर काढून दाखवता येतं.

एक आमच्याकडून. दागिने उतरवा. मनगट्यांचा दोरा रांगताना जमिनीवर घासतो आणि एक दिवस मणी सुटतात. ते मणी बाळाला तुमच्या आधी सापडतात. पैंजणाच्या घुंगरांचंही तेच. वाळे घोट्याला रुततात, पाय दुमडून बसलं की लाल वळ दिसतो. नजर लागते म्हणून काही घालायचंच असेल तर तीट लावा.


पाळणाघर, सक्करदरा

वॉकरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सासूबाईंना वाईट वाटू न देता सांगा, पण आणू नका. वॉकरमध्ये बाळ झोळीत बसतं आणि अंगठ्यांनी जमीन मागे ढकलतं. तोल सांभाळावा लागत नाही, गुडघ्यावर भार येत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत. चालायला लागणारं एकही काम त्यात शिकायला मिळत नाही. आयर्लंडमधल्या मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात वॉकरमध्ये एकूण २४ तास घालवले की चालणं सुमारे सव्वातीन दिवसांनी लांबलेलं दिसलं. रोज तासभर बसवलं तर महिन्याभरातच २४ तास भरतात. शिवाय वॉकरमधल्या बाळाचा हात टेबलावरच्या चहापर्यंत पोचतो आणि उंबरठ्यावरून ते तोंडावर पडतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्रीच बंद केली.

पांगुळगाडा ही वेगळी वस्तू आहे, दोन्ही एकात धरू नका. लाकडी तीन चाकांचा गाडा बाळ स्वतः उभं राहून ढकलतं, अंगाचा भार त्याच्याच पायांवर असतो. पण तो आता नाही. धरून उभी राहून बाजूबाजूने चालायला लागली की मगच, आणि टाइलवर नाही. टाइलवर गाडा पुढे पळतो आणि बाळ पसरतं. बाउन्सरही कमी करा. बांधून ठेवण्याचा वेळ एका दमात तासाच्या वर जाऊ नये.

आता बोरन्हाण. यातली जवळपास प्रत्येक वस्तू घशात अडकण्याच्या मापाची आहे. बोरं, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या, हलवा, उसाचे करवे, वर हल्ली गोळ्या-चॉकलेट. साधं माप असं की सव्वा इंचाच्या भोकातून जी वस्तू जाते ती या वयाच्या बाळाजवळ नको. तुमची मुलगी रांगत नसली तरी गोल फिरून आणि मागे सरकून हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि लुटीच्या वेळी मोठ्या मुलांची झुंबड असते, कुणाचं लक्ष नसतं.

डोक्यावरून टाकायला फक्त चुरमुरे घ्या, थोडे. तेही मोठ्या चादरीवर बाळाला बसवून. बाकी खाऊ मुलांना पुड्या बांधून हातात द्या, लूट दुसऱ्या खोलीत होऊ द्या. ज्याच्या मांडीवर बाळ आहे त्याने दुसरं काही करायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. हलव्याचे दागिने घालायचे असतील तर फोटोपुरते, दोन मिनिटं, आणि लगेच काढा. लाळेने हलवा सुटतो. झाल्यावर चादर चारी टोकं धरून उचला, केर काढा, मग स्वतः गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली, पलंगाखाली मोबाईलचा उजेड टाकून बघा. उभं राहून बोर दिसत नाही. ओलं पुसून झाल्याशिवाय त्या खोलीत बाळाला खाली सोडू नका.

अडकलंच तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. जोरात खोकत असेल, रडत असेल तर हात लावू नका, खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. पुन्हा ५ थापा. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. बाळ निपचित पडलं तर छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करून मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते.

आणि घराची एक फेरी बाळाच्या उंचीवरून मारा. देवघर खाली असेल तर समई आणि निरांजन वर. झुरळाचा खडू, डासांच्या लिक्विडची बाटली, रिमोटचे बटणासारखे सेल, हे सगळं कमरेच्या वर. मोरीतली बादली रिकामी आणि पालथी, दोनचार इंच पाण्यातही बाळ बुडतं. मार्चमध्ये कुलर बाहेर निघतील तेव्हा ती धरून उभी राहायला लागलेली असेल, आणि धरायला सगळ्यांत सोयीचं म्हणजे कुलरचा लोखंडी पत्रा. त्याच्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवा. तरीसुद्धा कुलरपुढे अडसर हवाच.


वाडीचे बाबा

मधेच विचारतो. मुलगा ११ महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा. पालथं ठेवलं की लगेच रडतो, पण बसून एक पाय दुमडून बुडावर खरडत पूर्ण घरभर फिरतो. वेग चांगला आहे. याला रांगणं म्हणायचं का? ही सवय मोडून गुडघ्यांवर यायची सवय लावावी का?


बालफिजिओ, धरमपेठ

दादा, हे बुडावर सरकणं. रांगण्याचे प्रकार बरेच आहेत. काही मुलं पोटावर सरपटतात, काही गुडघे न टेकता अस्वलासारखी हातापायांवर चालतात, काही नुसती लोळत जातात. हा त्यातलाच एक, आणि पुष्कळदा घराण्यात असतो. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना विचारा, आधीच्या पिढीत कुणीतरी असंच सरकलेलं निघतं. अशी मुलं उभी राहायला आणि चालायला उशीर लावतात, दीड वर्ष सहज होतं, कधी दोनच्या जवळ जातात. कारण सोपं आहे. बसून सगळीकडे जाता येतं, हात मोकळे राहतात, मग उठायची निकड कशाला?

मोडायला जाऊ नका. पण दोन गोष्टी बघा. नेहमी एकच पाय दुमडतो आणि एकाच हाताने ढकलतो का? अदलाबदल होत नसेल तर एकदा तपासून घ्या. आणि काखेत धरून उभं केल्यावर पाय हवेत पुढे करून "बसलेलाच" राहतो का? हे या मुलांमध्ये नेहमी दिसतं, पण स्नायू फार सैल नाहीत ना हे हात लावूनच कळतं, लिहून नाही. दीड वर्षाला चालत नसेल तर मात्र बुडावर सरकतो म्हणून सोडून द्यायचं नाही, दाखवायचंच.

घरी त्याला गुडघ्यांवर आणायचं असेल तर पालथं टाकू नका. तो रडतो त्या स्थितीत शिकणार नाही. पाट घ्या, जेवायला बसायचा. त्याच्यावर खेळणं ठेवा आणि त्याला पाटाच्या बाजूला बसवा. वळून दोन्ही हात पाटावर टेकले की गुडघे आपोआप खाली येतात. तिथून गुडघ्यांवर उभं राहणं, मग सोफा धरून उभं राहणं.


मनीषनगरची आई

पाटाचं माझ्या मुलीलाही चालेल का? आमच्याकडचा पाट चार बोटं उंच आहे, खाली पितळी कड्या आहेत. आणि आज नुसती सतरंजी घालून मोजे काढले तर दुपारी एकदा गुडघे पोटाखाली घेऊन दोनतीन वेळा डोलली, मग आडवी झाली. हेच ते डोलणं का?


बालफिजिओ, धरमपेठ

हो ताई, हेच ते. डोलायला लागली की पुढे सुटायला काही मुलांना आठवडा लागतो, काहींना महिना-दीड महिना. या दिवसांत रात्री झोपेतही गुडघ्यांवर येऊन डोलते आणि जागी होते. घाबरू नका, पुन्हा उताणी झोपवा.

चार बोटं उंची उत्तम आहे. कड्या काढता येत नसतील तर जाड फडकं गुंडाळून बांधा, आणि पाट हलू नये म्हणून खाली ओलसर फडकं घाला. आधी हात पाटावर, गुडघे सतरंजीवर असं दोन दिवस. या उंचीला हातांवर भार कमी पडतो, म्हणून तिला एक हात उचलून खेळणं घेणं जमतं. ते जमलं की पाट काढून तेच सपाट जमिनीवर. मग पाट पुन्हा आणा, पण या वेळी ओलांडायला, खेळणं पलीकडे ठेवून. पलीकडच्या बाजूला उतरताना डोकं खाली जातं, तिथं पहिले काही दिवस तुमचा हात तिच्या छातीखाली असू द्या.